लहान चाकांची लांब वाट

मैसूरचे डी. कृष्णकुमार यांनी आपल्या वृद्ध मातुःश्रींना एकदा सहज विचारले, की हे तीर्थ पाहिले आहेस का, ते देवालय पाहिले आहेस का. मातुःश्री चूडारत्ना यांचे सारे आयुष्य एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गेले होते. दूरची तीर्थे तर राहोतच, आपल्याच राज्यातली, जवळची म्हणावीत अशी नावाजलेली मंदिरेही त्यांनी पाहिलेली नव्हती. त्या उत्तराने मुलगा अस्वस्थ झाला. त्याने नोकरी सोडली आणि जानेवारी २०१८ मध्ये आईला मागे बसवून मैसूर सोडले. वाहन कोणते, तर वडिलांनी पूर्वी घेऊन दिलेली बजाज चेतक स्कूटर. वडील तोवर निवर्तले होते. ती स्कूटर म्हणजे वडीलच, तेव्हा प्रवास दोघांचा नसून तिघांचा आहे, अशी त्यांची भावना. ‘मातृसेवा संकल्प यात्रा’ असे नाव दिलेल्या या प्रवासात त्या जुन्या स्कूटरने पन्नास हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवली, भारतातील बहुतेक राज्ये पाहिली आणि नेपाळ, भूतान, म्यानमार या देशांतही पाऊल ठेवले. मुक्काम मठांत, आश्रमांत, धर्मशाळांत. खर्च मुलाच्या साठवलेल्या पैशांतून. पुढे उद्योगपती आनंद महिंद्रा यांना हे कळले तेव्हा त्यांनी या मायलेकांना मोटार भेट दिली, ही बातमी बहुतेकांनी वाचली असेल.

त्या बातमीत लोकांना मोटारीचे कौतुक अधिक वाटले. खरे पाहता लक्ष द्यावे असे होते ते पहिले संभाषण. मुलाने विचारले नसते तर आईने कधी सांगितलेच नसते.

सोलापूरच्या चाटी गल्लीतील किंवा नव्या पेठेतील कोणत्याही जुन्या पेढीवर हे संभाषण घडू शकते. पुरुष खरेदीसाठी सुरत, अहमदाबाद, इचलकरंजी करतात. वसुलीसाठी बार्शी, अक्कलकोट, इंडी, विजापूर करतात. घरातील मोठ्या बाईचा प्रवास मात्र माहेर, लग्नकार्य आणि एखादी बसयात्रा यांपलीकडे क्वचित जातो. बसयात्रेतही तिच्याकडे स्वयंपाकाची देखरेख असतेच. आलेल्या पाहुण्याला चौविहाराच्या आत जेवू घालणे, पर्युषणात उपवास करणाऱ्यांची पारणी सांभाळणे, चातुर्मासात महाराजांच्या आहाराचे सोवळे पाळणे, यांत चाळीस-पन्नास वर्षे जातात. मग एके दिवशी गुडघे बोलू लागतात आणि ‘श्रवणबेळगोळला एकदा जायचे होते’ हे वाक्य भूतकाळात उच्चारले जाते.

मोटारी आज बहुतेक घरांत आहेत, मग स्कूटरच कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. घरात मोटार एक असते आणि ती व्यापाराच्या कामी अडकलेली असते. मोटारीने जायचे म्हटले की सात माणसांच्या सवडी जुळवाव्या लागतात आणि त्या जुळत नाहीत. स्कूटरला दोघांचीच सवड पुरते. दुसरे उत्तर थोडे खोल आहे आणि ते जैन गृहस्थाच्या आचारातच सापडते.

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दोन व्रते प्रवासाशी थेट निगडित आहेत, हे घाईच्या दिवसांत विसरले जाते. दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपण कुठवर जाऊ याची जन्मभराची मर्यादा. देशव्रत म्हणजे त्या मोठ्या मर्यादेच्या आत आजच्या दिवसापुरती, या महिन्यापुरती आखलेली लहान मर्यादा. ही व्रते घालून देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संन्यासी नव्हता. घर करून राहणारा, बहुतेक वेळा व्यापार करणारा, तांड्याबरोबर दूरदेशी जाणारा गृहस्थ होता. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांतील दोन तर आजच्या महामार्गासाठीच लिहिल्यासारखे वाटतात. एक क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरवलेले क्षेत्र लोभाने वाढवत नेणे. एका दिशेला कमी गेलो तर ते अंतर दुसऱ्या दिशेला जोडून घेणे हाही त्याचाच प्रकार. दुसरा स्मृत्यंतराधान, म्हणजे आखलेली मर्यादा विसरूनच जाणे. ‘आता इथवर आलोच आहोत तर आणखी ऐंशी किलोमीटर रेटू’ हे वाक्य ज्याने प्रवासात कधी उच्चारले असेल, त्याला हे दोन्ही दोष समजावून सांगण्याची गरज नाही.

मोटार ही मर्यादा जाणवू देत नाही. आत गारवा असतो, काच बंद असते, वेगाचा आवाज येत नाही. लहान स्कूटर मात्र पावलोपावली मर्यादेची आठवण करून देते. टाकी लहान, सामानाला जागा बेताची, ताशी चाळीस-पन्नासच्या वर ती सुखाने धावत नाही, आणि शंभर किलोमीटर झाले की मागे बसलेल्याची पाठ सांगते की आता थांबा. व्रत घेतलेले नसले तरी वाहनच ते पाळायला लावते.

हे वाहन मुळात घडले तेही साध्या माणसासाठी. महायुद्धात इटलीचे रस्ते आणि कारखाने उद्ध्वस्त झाल्यावर १९४६ साली पियाजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा विमानांचा अभियंता होता आणि मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. म्हणून त्याने साखळी काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशेजारी झाकणाखाली ठेवले, पुढे पाय ठेवायला सपाट जागा केली आणि चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने पेलले, जेणेकरून पंक्चर झाल्यास चार-पाच नट काढून चाक चटकन बदलता यावे. स्टेपनी पुढेही बसते आणि मागेही, ही सोय त्यातूनच आली. साडी नेसलेली स्त्री ज्यावर सहज बसू शकते, आणि कापडाचे गठ्ठे ज्याच्या पायरीवर मावतात, असे हे वाहन भारतीय व्यापाऱ्याच्या हाती आले तेव्हा त्याने ते कुटुंबात सामावून घेतले यात नवल नाही. बजाजने १९६० च्या सुमारास व्हेस्पा येथे बनवायला घेतली आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिलेली चेतक आणली. नाव नोंदवल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्कूटर आली की तिला कुंकू लागे, हार पडे आणि पहिली फेरी मंदिराची होई.

त्याच १९७२ साली अहमदनगरच्या जैन कुटुंबातील हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीने लुना बनवली. पन्नास सीसीची, प्रसंगी पायडल मारता येणारी ही गाडी सोलापूरच्या गल्ल्यांत दूधवाल्यापासून दागिन्यांच्या कारागिरापर्यंत सर्वांकडे होती. पुढे बटणावर सुरू होणारी आणि गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि घरातल्या मुली-सुना स्वतः गाडी चालवू लागल्या. जैन समाजाच्या उद्योगाचा विषय निघाला की सोलापूरकर प्रथम वालचंद हिराचंदांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या पुरुषाने जहाजे, विमाने आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या रूपाने मोटारींचा कारखाना उभारला. परंतु सामान्य माणसाच्या दाराशी चाके नेण्याच्या कामात फिरोदियांचा वाटा मोठा आहे, आणि त्याची आठवण तुलनेने कमी काढली जाते.

प्रवासाला निघण्यापूर्वी एका आक्षेपाचे उत्तर द्यायला हवे. श्रावकाचारात अनर्थदंड सांगितला आहे: प्रयोजन नसताना घडणारी हिंसा. त्यात प्रमादचर्या हा एक प्रकार आहे. उगाच पाणी सांडणे, उगाच झाडाचे पान तोडणे, उगाच हिंडणे हे सारे त्यात येते. आज तरुणांत स्कूटरवरून लडाख गाठण्याची, चोवीस तासांत अमुक इतके किलोमीटर कापण्याची चढाओढ असते. त्या धाडसाचे कौतुक करणाऱ्यांनी करावे. पण अंतर कापणे हेच ज्याचे प्रयोजन आहे त्या प्रवासाला या कसोटीवर उभे करणे अवघड आहे. कृष्णकुमारांच्या यात्रेचे किलोमीटर मोजले गेले ते वर्तमानपत्रांकडून. त्यांच्या मागे कोण बसले होते, यावरून त्या यात्रेचे प्रयोजन ठरले. सोलापूरच्या मुलाने किंवा मुलीने आईला, आजीला, पेढीवर आयुष्य घालवलेल्या काकांना घेऊन निघावे. एकट्याने निघायचे असेल तर काही काम, काही दर्शन, कोणाची तरी भेट मनाशी बांधून निघावे.

व्यापाऱ्याला लांबच्या वाटेची भीती पूर्वीही होती. बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात आग्रा-जौनपूरच्या वाटेवरचे हाल मोकळेपणाने लिहून ठेवले आहेत. एकदा तर तो आणि त्याचे दोन सोबती रात्री वाट चुकून चोरांच्याच गावात शिरले. जीव वाचवण्यासाठी त्यांनी संस्कृत श्लोक म्हणून आशीर्वाद दिला, सुताची जानवी वळून गळ्यात घातली, कपाळाला टिळे लावले आणि ब्राह्मण असल्याची बतावणी करून सकाळी सुटका करून घेतली. चोर गेले, रात्री वाट चुकण्याचा धोका आहे तिथेच आहे.

म्हणूनच रात्रिभोजनत्यागाचा नियम स्कूटरवरच्या प्रवाशाला वेळापत्रक म्हणून जसाच्या तसा घेता येतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल तर सूर्यास्तापूर्वी मुक्कामाला पोहोचावेच लागते. कार्तिक-मार्गशीर्षात या भागात सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो. म्हणजे साडेचारला धर्मशाळा गाठावी, पाचला पंगतीला बसावे आणि स्कूटरला कुलूप लावून टाकावे. या नियमामागचा जीवदयेचा विचार रस्त्यावरही तितकाच खरा आहे. अंधारात दिव्याच्या झोताकडे झेपावणारे कीटक चेहऱ्यावर, काचेवर आदळतात. काच पुसताना त्यांची संख्या दिसते. आणि सोलापूर जिल्ह्यात तर याला आणखी एक कारण आहे. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. गाळप हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या जोड ट्रॉल्या रात्री रस्त्याने चालतात आणि त्यांतील कितींना मागे दिवा किंवा लाल पट्टी नसते. अंधारात काळ्या डांबरावर उभी असलेली अशी ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दिवसा ती दुरून दिसते, बाजूने जाता येते.

दिवस कोणते निवडावेत हेही समाजाच्या पंचांगानेच ठरवून ठेवले आहे. चातुर्मासात मुनिमहाराज विहार करीत नाहीत, कारण वाटा जीवांनी भरलेल्या असतात. गृहस्थाला ते बंधन नाही, पण ओल्या डांबरावर लहान चाकाची स्कूटर घसरते आणि खड्डा पाण्याखाली लपतो, हे पुरेसे कारण आहे. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि वारा भट्टीतून यावा तसा येतो. राहिला तो कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ: दिवाळीचे वहीपूजन झालेले, लाभपंचमीला दुकानाचे मुहूर्ताचे सौदे झालेले आणि लग्नसराईची गर्दी अजून पुरती चढलेली नाही. याच काळात ऊसही सुरू होतो, हे खरे. म्हणून वरचा सूर्यास्ताचा नियम.

याच काळात साधू-साध्वींचे विहारही पुन्हा सुरू होतात. पहाटे महामार्गाच्या कडेने अनवाणी चालणारे संघ सोलापूर-विजापूर, सोलापूर-तुळजापूर या वाटांवर दिसतात. विहारातील साधू-साध्वींना वाहनाची धडक बसून काळधर्म झाल्याच्या बातम्या समाजाने वारंवार सोसल्या आहेत. ईर्यासमितीने चालणारा मुनी चार हात भूमी निरखून पाऊल टाकतो. मागून ताशी पन्नासच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर पुढे सरकलेली असते. चालक दचकून ब्रेक दाबेपर्यंतच इतके अंतर जाते. स्कूटरवरच्या श्रावकाला संघ दिसला तर दर्शनाचा मोह होणारच. तेव्हा रस्त्यावर गाडी आडवी थांबवू नये. पुढे जाऊन डांबराच्या पूर्ण खाली, मोकळ्या जागेत उभी करावी, इंजिन बंद करावे आणि वंदन करावे. दहा जण रस्त्यावर घोळका करून उभे राहिले की महाराजांभोवतीचा धोका वाढतो. अनेक गावांत तरुण मंडळी झेंडे आणि चमकणाऱ्या पट्ट्या घेऊन विहारात पुढे-मागे चालतात, त्यांच्या हाताला हात लावावा.

आता वाट. सोलापूरकराला सरावासाठी कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे हे निर्वाणस्थान, आणि १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला तेही हेच. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यातल्या या टेकडीला सोलापूरहून एका दिवसात जाता येते, तेथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतता येते. नातेपुत्याजवळचे दहिगाव हे आणखी एक. या दोनपैकी एक वाट करून पाहिल्याशिवाय कोणीही लांब निघू नये. मागे बसणाऱ्या व्यक्तीला दीड तास सलग बसवते की नाही, हे घरी बसून कळत नाही. सत्तरीपुढची व्यक्ती, हाडे ठिसूळ झालेली, मणक्याचा त्रास असलेली असेल तर तिला स्कूटरवर नेणे ही सेवा होत नाही. श्रवणबेळगोळला आता रेल्वे स्थानक आहे. मुलाने स्कूटरने जावे आणि आईने गाडीने यावे, यात कोणाचा मान कमी होत नाही.

सरावाची वाट जमली तर पुढे श्रवणबेळगोळ, सहाशे किलोमीटरांहून अधिक. एका दमाने धावणारी मोटार ते एका दिवसात कापते. स्कूटरला चार दिवस द्यावेत आणि ते चार दिवस रिकामे जात नाहीत. विजापूर रस्त्याने निघून टाकळीच्या अलीकडून वाकडी वाट केली तर भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येते. तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापुरात जन्म काढलेल्या कितीतरी घरांनी तो पाहिलेला नाही, कारण मोटार महामार्ग सोडत नाही. भीमा ओलांडली की कन्नड पाट्या सुरू होतात. पहिला मुक्काम शंभर किलोमीटरांवर विजापुरात करावा, अंतर थोडे वाटले तरी. पहिल्या दिवशी शरीर नवे असते आणि उत्साह फसवा. विजापूरचे सहस्रफणी पार्श्वनाथ सायंकाळी शांतपणे पाहावेत.

दुसरा दिवस मोठा, होसपेटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरांचा. आलमट्टी-निडगुंदीच्या परिसरात कृष्णा लागते, पुढे इलकल. कापडाच्या व्यापाऱ्याने इलकलला न थांबता पुढे जावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण साडी घेतली तर ती स्कूटरच्या डिकीत मावते, गठ्ठा मावत नाही, एवढे लक्षात ठेवावे. या टापूत रस्ता चौपदरी आहे आणि तोच स्कूटरला जड जातो. शेजारून ट्रक गेला की आधी वाऱ्याचा धक्का बसतो आणि लगेच मागे ओढल्यासारखे होते. हात सैल ठेवून, गुडघे आत घेऊन, डाव्या कडेपासून थोडे अंतर राखून चालवावे. अगदी कडेला गेले तर चाक डांबरावरून उतरते, आणि लहान चाक परत वर चढत नाही. दहा इंची चाकाला खड्डाही मोठा. मोटारसायकलचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून लोळत जाते त्यात स्कूटरचे चाक पुरते उतरते.

होसपेटला मुक्काम केल्यास सकाळी हंपी. विजयनगरचा विषय निघाला की विरूपाक्ष आणि दगडी रथ यांचीच चित्रे डोळ्यांपुढे येतात. कमलापूरच्या वाटेवर गाणगित्ती नावाने ओळखले जाणारे कुंथुनाथ जिनालय आहे. दुसऱ्या हरिहराचा सेनापती इरुगप्पाने ते १३८५ च्या सुमारास बांधले. समोर मानस्तंभ उभा आहे. सहली तेथे फारशा थांबत नाहीत. नंतर चित्रदुर्ग, हिरियूर, तिपटूरकडील नारळाच्या बागा, चन्नरायपट्टण. शेवटच्या पन्नास किलोमीटरांत हवा बदलते, ज्वारी-तुरीची काळी राने मागे राहतात आणि लाल माती सुरू होते.

गाडीची तयारी फार नाही, पण जी आहे ती टाळता येत नाही. जुनी चेतक असेल तर टू-टी ऑईलचे प्रमाण सांभाळावे, प्लग एक जादा ठेवावा, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल निघण्यापूर्वी बदलून घ्यावी आणि स्टेपनीत हवा आहे ना हे पाहावे. स्टेपनी असते पण हवा नसते, ही जुनी कथा आहे. आजच्या गिअर नसलेल्या गाडीत पट्टा असतो; तो किती चालला आहे हे मेकॅनिकला उघडून पाहायला लावावे, कारण रस्त्यात तुटला तर गाडी ढकलण्याखेरीज उपाय राहत नाही. दोन माणसे आणि सामान असताना मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ब्रेकसाठी पुढचा-मागचा एकदम, हळूहळू दाबावा. हेल्मेट दोघांनीही घालायचे. कायदा मागे बसणाऱ्यालाही तेच सांगतो. आजीच्या अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही ही तक्रार खरी आहे, वेणी सैल घालून सोडल्यास बसते. पदर आणि ओढणी मात्र खोचून घ्यावी. मागच्या चाकात पदर अडकून झालेले अपघात सोलापूरला नवे नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, तेव्हा त्या दिशेला निघणाऱ्याने जुनी वाट धरावी.

शिदोरीच्या बाबतीत सोलापूरचे घर भाग्यवान आहे. कडक भाकरी आठवडाभर टिकते, शेंगाची चटणी लसणाविना केली तरी तिची चव कमी होत नाही, खाखरे आणि दशम्या आहेतच. उकळलेल्या पाण्याचा थर्मास आणि पाणी गाळायचे फडके सोबत असावे. होसपेट, चित्रदुर्गसारख्या ठिकाणी कांदा-लसूण नसलेले जेवण मिळवायला विचारपूस करावी लागते. स्थानिक बसदीत किंवा जैन पेढीवर चौकशी केली की घरचे ताट मिळते, असा अनुभव जुन्या यात्रेकरूंचा आहे. व्यापारी समाजाचे हे जाळे आजही शाबूत आहे. फोनवरच्या नकाशाला ते दिसत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी विंध्यगिरीच्या पायथ्याशी पोहोचावे, त्याच दिवशी चढू नये. सहाशेहून अधिक पायऱ्या दगडात कोरलेल्या आहेत आणि त्या उन्हात तापतात. पादत्राणे खाली ठेवावी लागतात, म्हणून सकाळ बरी. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. वर गंगराजांचा मंत्री चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेतलेली बाहुबलींची सत्तावन्न फुटी मूर्ती आहे. दर्शन घेताना बहुतेकांची मान वर असते. आईला मात्र खाली, मूर्तीच्या पायाजवळच्या कोरीव ओळींकडे नेऊन उभे करावे. कन्नड, तमिळ आणि त्यांच्याबरोबर नागरी अक्षरांतल्या मराठीतही, ही मूर्ती कोणी करविली ते तेथे लिहिलेले आहे. दोन दिवस परतीसाठी अधिक धरावेत. येताना वाट तीच, पण घाई दुकानाची असते.